मंदी, आशा आणि ठरलेली तारीख

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या माणसांच्या नोकऱ्या बहुतांशी तालुक्याबाहेर जातात. कारखाना शिरवळला, खेड शिवापूरला, शिवण्याला, भोसरीला नाहीतर चाकणला असतो. घर मात्र आंबवड्याला, किकवीला, विंझरला किंवा पानशेतच्या वरच्या अंगाला. त्यामुळे इथे मंदी टाळे लागलेल्या गेटच्या रूपाने दिसत नाही. पहाटेच्या एसटीला चार माणसे कमी होतात, नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर कंपनीच्या बसची वाट पाहणारा घोळका रोडावतो, किराणा दुकानातली उधारीची वही भरत जाते आणि धायरी-कात्रजकडची भाड्याची खोली सोडून आलेले एखादे कुटुंब मुलांचे दाखले घेऊन गावच्या शाळेत उभे राहते. एकेका घरात एकेकटी येणारी ही नोकरकपात कुठल्याही कार्यालयाच्या नोंदीत एकत्र दिसत नाही. साहजिकच तिच्याकडे त्या-त्या घराचे दुर्दैव म्हणून पाहिले जाते आणि उपाय म्हणून ‘धीर धरा, दिवस बदलतील’ एवढेच सांगितले जाते.

दिवस कसे बदलतील, कधी बदलतील आणि तोवर काय करायचे, हे त्या सांगण्यात नसते. कामावरून कमी झालेल्या माणसाला नेमके तेच हवे असते. पुढच्या एखाद्या ठरलेल्या दिवसाकडे पाहता येणे, त्या दिवशी काहीतरी हाती येईल असा वाजवी भरवसा असणे आणि तो दिवस गाठायला आपल्यालाही काही करता येणे, या तीन गोष्टी जुळल्या की माणूस मंदीत टिकतो. यांतली एक जरी सुटली तरी उरलेली आशा वाट पाहण्यात विरत जाते. भोर-वेल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या जी चिकाटी दिसते तिच्यामागे स्वभावापेक्षा अशा ठरलेल्या तारखा जास्त आहेत. काही निसर्गाने दिलेल्या आहेत, काही बायांनी एकत्र येऊन ठरवलेल्या, तर काही झगडून कायद्यात लिहून घेतलेल्या.

आधी भूमी पाहायला हवी. २०११ च्या जनगणनेत वेल्ह्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत कमी वस्तीचा तालुका. अलीकडे त्याला राजगड हे नाव मिळाले आहे. भोरची लोकसंख्या त्याच वेळी पावणेदोन लाखांच्या पुढे होती. सह्याद्रीच्या ऐन कडेला लागून असल्याने पश्चिमेकडच्या गावांत पाऊस धो धो पडतो, खाचरांत भात होते, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. जमीन तुकड्या-तुकड्यांची आहे. भाऊवाटण्यांनंतर एका घराला जे भात येते ते खायला पुरले तरी पुष्कळ. विकून संसार चालावा इतके ते क्वचितच असते.

पाणी मात्र अफाट. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. त्याचा साठा साडेतेवीस टीएमसीच्या घरात आहे. नीरा देवघरचा साठा पावणेबारा टीएमसीच्या आसपास, वेल्ह्यातल्या पानशेतचा साडेदहाच्या वर, वरसगावचा पावणेतेराच्या आसपास आणि गुंजवणीचा साडेतीनच्या वर. दोन छोट्या तालुक्यांत मिळून साठ टीएमसीपेक्षा जास्त पाणी अडते. त्यातले भाटघरचे पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस पिकवते. पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहराची तहान भागवते आणि पुढे दौंड-इंदापूरकडे जाते. ज्या गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या शेजारच्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. पाणी खाली गेले, त्यामागे माणसेही खाली गेली. भोर-वेल्ह्याच्या स्थलांतराचे याहून सरळ कारण शोधण्याची गरज नाही.

ही माणसे आधी मुंबईला गेली. गिरण्या, गोदी, बाजारपेठेतली हमाली ही त्यांची कामे होती. पुण्याच्या भुसार बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांतही मावळ खोऱ्यांतली माणसे फार पूर्वीपासून आहेत. पुढे पुण्याभोवती कारखानदारी वाढली तसा ओघ तिकडे वळला. तालुक्यातच काम मिळावे म्हणून भोरजवळच्या उत्रौलीत औद्योगिक वसाहत करण्याची चर्चा कित्येक वर्षे चालू राहिली; पण भोरच्या पोराला आजही कामासाठी महामार्गच गाठावा लागतो.

महामार्गावर मिळणारे काम कसे असते, हे समजल्याशिवाय मंदी इथल्या घरात इतक्या लवकर का शिरते ते कळत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने, वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करायचे असेल तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार देणे बंधनकारक केले. संरक्षण चांगले होते. त्यातून सुटण्याचा मार्गही त्याच आकड्यात होता. सात-साडेसात महिने झाले की ‘ब्रेक’, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर नवे कार्ड, पुन्हा सात महिने. दहा वर्षे एकाच यंत्रावर उभा राहिलेला माणूस कागदावर कायम नवखा राहतो. मागणी घटली की कंपनीला कामगार कमी करावाच लागत नाही. ब्रेकवर गेलेल्याला परत बोलावले नाही म्हणजे झाले. फोन येत नाही, एवढीच त्याची नोटीस.

२०१९ च्या मंदीत हेच झाले. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यापेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घसरली. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात मोठ्या कंपन्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवले. मोठ्या कंपनीचा ‘ब्लॉक क्लोजर’ म्हणजे तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची उपासमार, आणि भोर-वेल्ह्याची पोरे मुख्यतः अशाच लहान कारखान्यांत असतात. त्यातून सावरण्याआधी मार्च २०२० ची टाळेबंदी आली. एप्रिलमध्ये पुण्यातला गुलटेकडीचा मार्केट यार्डही काही आठवड्यांसाठी बंद झाला, म्हणजे कारखान्यातला आणि बाजारातला असे दोन्ही रोजगार एकदम थांबले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्याने उत्पादन थांबवले. तिथल्या सुमारे १,४०० कायम कामगारांचा लढा वर्तमानपत्रांत आला, न्यायालयात गेला. ब्रेकवरून परत न बोलावलेल्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. त्यांच्या कपातीला तारीखच नसते, मग दाद कशाविरुद्ध मागायची?

काम गेल्यावर माणसाच्या आत काय घडते याचा आजवरचा सर्वांत बारकाईचा अभ्यास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गिरणीगावात झाला. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एका फटक्यात बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी तिथे जाऊन घरोघरची माहिती गोळा केली. त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले. वेळ हाताशी आल्यावर माणसे जास्त वाचतील, सभांना जातील, चळवळ करतील, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. झाले उलटे. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही वाचायला नेली जाणारी पुस्तके निम्म्यावर आली. गावाच्या मुख्य रस्त्यावरून पुरुष रेंगाळत चालू लागले, वारंवार थांबू लागले. बहुतेकांनी जवळ घड्याळ बाळगणे सोडले. दिवसभर काय केले ते तासागणिक लिहायला सांगितले, तर सकाळी उठणे, दुपारचे जेवण आणि रात्री झोपणे यांपलीकडे पुरुषांना फारसे आठवेना. बायकांचे तक्ते मात्र गच्च भरलेले होते: स्वयंपाक, धुणे, शिवण, मुले, आणि पुन्हा स्वयंपाक.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने जास्त मोलाची आहे. संशोधकांनी घरांचे चार गट केले: न खचलेली, निमूट झालेली, हताश आणि पार ढासळलेली. मग प्रत्येक गटाचे माणशी मासिक उत्पन्न काढले. न खचलेल्या घरांत ते सरासरी ३४ शिलिंग होते, निमूट घरांत ३०, हताश घरांत २५ आणि ढासळलेल्या घरांत १९. उमेद आणि हताशपणा यांच्यातले अंतर ९ शिलिंगांचे निघाले. आशावादी राहणे ही ज्याच्या-त्याच्या मनोबलाची बाब आहे असे मानणाऱ्यांना या आकड्यांचे उत्तर द्यावे लागेल. मनोबल असते, आणि माणसामाणसात कमी-जास्तही असते. पण मदत जसजशी आटत गेली तसतशी घरे एका गटातून खालच्या गटात घसरत गेली. म्हणून बेकार माणसाला ‘सकारात्मक राहा’ असे सांगणारी व्याख्याने भरवण्यापेक्षा त्याच्या घरात महिन्याला थोडी का होईना ठरलेली रक्कम येईल अशी सोय करणे, हेच त्याच्या मनाला बळ देणे आहे.

मारिएनथालच्या बेकारांकडे भाजीचे छोटे वाफे होते, काहींनी ससे पाळले होते. भोर-वेल्ह्यातल्या माणसाकडे त्याहून मोठा आधार आहे, तो भाताच्या खाचराचा. त्याचे मोल धान्याच्या पोत्यांत मोजले तर फार भरत नाही, त्याचे खरे देणे म्हणजे त्याचे वेळापत्रक. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे गोवऱ्या, पालापाचोळा आणि झाडांच्या डहाळ्यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचून, वर माती पसरून, वाऱ्याची दिशा पाहून ते पेटवायचे. मृगाच्या सुमारास तिथे दाढ टाकायची, म्हणजे रोपांसाठी भात पेरायचे. रोप तीन-चार आठवड्यांचे झाले आणि खाचरात पाणी तुंबले की चिखलणी, आणि लगोलग आवणी, म्हणजे रोपांची लावणी. रोप जून झाले तर फुटवे कमी येतात, म्हणून आवणी थांबवता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, मग झोडणी. इंद्रायणी हा मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्राचा वाण आता या खोऱ्यांत सगळीकडे रुळला आहे, आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला तो थेट विकता आला तर घरात रोख चार पैसेही येतात.

आवणीला एका घराचे हात पुरत नाहीत. म्हणून सावड चालते: आज याच्या खाचरात सगळे, उद्या त्याच्या. सावडीत पैसा फिरत नाही, दिवस फिरतो. तुम्ही माझ्याकडे दोन दिवस आलात, तर माझ्यावर तुमचे दोन दिवस फिटायचे राहिले. काम गेलेल्या माणसाला या व्यवहारात पहिल्या दिवसापासून पूर्ण मान असतो, कारण चिखलात उतरलेल्या माणसाला कोणी तू कुठल्या कंपनीत होतास असे विचारत नाही. त्याचा वेग आणि त्याची ओळ सरळ आहे की नाही एवढेच पाहिले जाते. टाळेबंदीच्या वर्षी शहरातून परतलेले कितीतरी हात जुलैच्या आवणीला लागले. याहोडा यांनी पुढे नोकरीचे पगाराखेरीजचे लाभ सांगितले: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा संपर्क, सगळ्यांनी मिळून गाठायचे उद्दिष्ट, समाजातले स्थान आणि हातांना नियमित काम. सावडीच्या दोन आठवड्यांत हे पाचही लाभ भेटतात. अडचण एवढीच की ते दोन आठवडेच असतात.

या आधाराचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. ‘गाव आहेच ना’ हे वाक्य कामगाराला दिलासा देते तसे मालकालाही सोयीचे पडते. मुंबईच्या गिरण्या शंभर वर्षे कमी मजुरीत चालल्या, कारण गिरणी कामगाराची बायको, मुले आणि म्हातारपण गाव सांभाळत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांतले असंख्य जण गावी परतले. घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांनी त्यांना महिनोन्‌महिने पोसले, म्हणून संप इतका लांबू शकला. पण त्याच गावांत पुढे संपाची हार मुरली. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, त्यामुळे ‘आता संपले, दुसरे काही पाहू’ असे म्हणण्याचा दिवसही कामगाराला मिळाला नाही. गिरणी आज उघडेल, उद्या उघडेल, या वाटेवर डोळे लावून बसलेल्या एका पिढीची उमेदीची वर्षे गेली. नुसत्या आशेने माणसाला किती खोल बुडवता येते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण महाराष्ट्राला नाही. आजचा ब्रेकवरचा कंत्राटी कामगार छोट्या प्रमाणात त्याच अवस्थेत असतो: ठेकेदार ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो आणि त्या पुढच्या महिन्यापायी तो दुसरे काम धरत नाही.

गावातल्या बायकांनी उभा केलेला आधार वेगळ्या जातीचा आहे. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि पुढे ‘उमेद’ अभियानाने ते राज्यभर नेले. वेल्ह्यात आणि शिवगंगा-गुंजवणीच्या खोऱ्यांत ज्ञान प्रबोधिनीने हे काम अनेक वर्षे चालवले आहे. गटाची बैठक साधीच असते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, बहुधा संध्याकाळी, कोणाच्या तरी पडवीत दहा-पंधरा बाया जमतात. आधी हजेरी, मग प्रत्येकीची बचत, मग मागच्या कर्जाचे हप्ते आणि व्याज, आणि सगळ्यात शेवटी नवी मागणी. मागणी मोठ्याने सांगावी लागते: धाकट्याची फी, सासूचे औषध, शेळी, घरपट्टी. कोणाला आधी द्यायचे हे सगळ्याजणी ठरवतात. पगार थांबलेल्या घराला ही पाच-दहा हजारांची रक्कम सावकाराच्या आणि सोनेतारणाच्या दारात जाण्यापासून वाचवते. ज्या बाईच्या नवऱ्याचे काम सुटले आहे ती बैठकीला आली, बचतीचे पैसे नाहीत असे म्हणाली आणि गटाने तिला पुढच्या तारखेपर्यंत सवलत दिली, तर त्या घराची अडचण गावात सांगण्याजोगी ठरते. एरवी ती लपवली जाते.

लपवण्याने फार नुकसान होते. या पट्ट्यात चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा भरतात. मुंबई-पुण्याची मंडळी येतात, घरटी वर्गणी निघते, नावे वाचली जातात. काम गेलेला माणूस पहिल्या वर्षी उसनवारी करून वर्गणी भरतो आणि दुसऱ्या वर्षी जत्रेलाच येत नाही. लग्नाच्या बाजारात तर नोकरी हीच पहिली अट झाली आहे. ब्रेकवर असलेल्या मुलाचे स्थळ सांगताना घरचे ‘कंपनीत आहे’ एवढेच म्हणतात आणि मुलगा रोज सकाळी डबा घेऊन निघतो. कंत्राटी कामाची वस्तुस्थिती सगळ्या गावाला ठाऊक असताना एकेका घराने ती एकट्याने झाकत बसावी, हे क्रूर आहे. त्यात मारिएनथालप्रमाणेच इथेही बायकांचे काम दुप्पट होते. पुरुष घरी असतो म्हणून पाणी, सरपण आणि गोठा त्याच्याकडे जातोच असे नाही, उलट कमी पैशात घर भागवण्याचे नवे काम तिच्यावर येते. मंदीत घराला मिळणारा धीर बराचसा तिच्या श्रमातून येतो, हे हिशेबात धरले पाहिजे.

कायद्याने दिलेल्या तारखांत महाराष्ट्राचे योगदान मोठे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साठच्या दशकात तासगाव तालुक्यात सुरू झालेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेला आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून ग्रामीण मजुराच्या कामाला पैसा देण्याची त्यातली रचना आजही विचार करायला लावणारी आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हीच हमी देशभर नेली. दोन्ही कायद्यांचा कणा एकच: काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. केंद्रीय कायद्यात काम मागणाऱ्याला तारीख असलेली पोच मिळण्याचाही हक्क होता. काम मागण्याचा नमुना चार न भरता आणि पोच न घेता नुसती तोंडी मागणी केली की पंधरा दिवस कधी सुरू झाले तेच सिद्ध होत नाही, आणि भत्त्याचा प्रश्न तिथेच संपतो. म्हणूनच पोच द्यायला कार्यालयांत टाळाटाळ होते आणि म्हणूनच ती मागून घेणे हे ग्रामपातळीवरच्या कार्यकर्त्याचे पहिले काम ठरते. बांधबंदिस्ती, गाळ काढणे, फळबाग, शेततळे ही हमीची कामे भोर-वेल्ह्याच्या उतारांना हवीच आहेत. मे महिन्यात दुरुस्त केलेला बांध जुलैत खाचराला उपयोगी पडतो.

दुसरा धडा हमालांनी दिला. पुण्यात बाबा आढाव यांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभारली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले. १९६९ च्या माथाडी कायद्याने जे केले ते आजच्या कंत्राटी कामगारासाठी मुळातून अभ्यासण्याजोगे आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, कधी दिवसातून चारदा बदलतो. कायद्याने हे बदलणे मान्य केले आणि कामगाराची नोंद मालकाऐवजी मंडळाकडे ठेवली. ज्याचे काम, त्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. मंडळ ठरलेल्या दिवशी मजुरी देणार, भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि ग्रॅच्युइटी सांभाळणार. ठेकेदार बदलला की ज्याची सगळी सेवा पुसली जाते अशा कारखान्यातल्या कामगाराला असे मंडळ का मिळू नये, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही. पाठीवर पोते वाहणाऱ्या, फारसे न शिकलेल्या माणसांनी अर्धशतकापूर्वी जे मिळवले ते आयटीआय झालेल्या त्यांच्या नातवांना नाही, ही मागे गेलेली वाटचाल आहे.

दरम्यान जे आहे ते तरी वापरले जावे. राज्य विमा योजनेत, म्हणजे ‘ईएसआय’त, २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार येऊ लागला. जुलै २०१८ मध्ये तिच्यात अटल विमित व्यक्ती कल्याण योजना जोडली गेली. ठरावीक काळ वर्गणी भरलेल्या कामगाराचे काम गेले तर सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम, २४ मार्च २०२० पासून ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. रक्कम थोडी आहे, पण मारिएनथालच्या ९ शिलिंगांची आठवण ठेवली तर तिला थोडी म्हणवत नाही. तिच्यासाठी लागतो तो विमा क्रमांक, वर्गणी भरली जात असल्याची खात्री आणि बँक खाते. पगारातून कपात होते पण वर्गणी भरली जात नाही, किंवा प्रत्येक ठेकेदार नवा क्रमांक काढतो, असे प्रकार काम चालू असतानाच हेरावे लागतात. काम गेल्यावर ठेकेदाराचा फोन लागत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कमी केलेल्या कामगाराला पुन्हा कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. ब्रेकवरून न बोलावलेल्या माणसाला ‘कमी केलेला कामगार’ ठरवता आले तरच ती त्याच्यापर्यंत पोहोचेल.

तारखा पाळल्या गेल्या नाहीत तर काय होते, हेही या तालुक्यांना पुरेपूर ठाऊक आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या जमिनी मिळायला वर्षांमागून वर्षे गेली. नीरा देवघरची भिंत उभी राहूनही कालवे दीर्घकाळ अपुरे राहिले. मोडलेल्या वायद्यांचा परिणाम त्या एका प्रकरणापुरता राहत नाही. पुढच्या वेळी खरीच चांगली योजना आली तरी माणूस अर्ज करायला जात नाही. अशा माणसाला सरकारी कामाबद्दल उदासीन म्हणणे सोपे आहे. खरे तर अनुभवातून त्याने केलेला तो हिशेब आहे. मंदीच्या काळात शासनाने नव्या घोषणा कराव्यात यापेक्षा रोजगार हमीची मजुरी वेळेवर द्यावी, याने आशा जास्त टिकेल.

मंदीत सर्वांत धोक्यात येते ती जमीन. पानशेत, वरसगाव, गुंजवणीच्या काठाने आणि महामार्गालगत दुसरे घर, फार्महाउस, प्लॉटिंग यांसाठी गिऱ्हाईक सतत फिरत असते. पगार चालू असताना जो माणूस त्याला दारात उभे करत नाही, तोच सहा महिने काम नसले की सही करतो. पैसा घर, गाडी आणि लग्नात जातो. खाचर जाते तशी आवणीची तारीखही जाते, आणि पुढच्या मंदीत परतायला जागा उरत नाही. म्हणून काम गेल्यानंतरचे पहिले वर्ष जमीन न विकता निभावून नेणे हे त्या घराचे सर्वांत मोठे यश मानले पाहिजे. बचत गटाचे कर्ज, विम्याचे ९० दिवस, हमीचे काम, दुधाचे दहा दिवसांचे बिल या सगळ्यांचा उपयोग या एका कसोटीवर पाहता येतो.

गडकोटांच्या पर्यटनाकडे अलीकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत राजगड आहे. गुंजवणे, पाली या पायथ्याच्या गावांत शनिवार-रविवारी पिठले-भाकरी, मुक्काम, वाटाड्या यांतून घरांना पैसा मिळतो. पण मंदीत शहरातला माणूस फिरणेच आधी कमी करतो, त्यामुळे कारखान्याच्या पगाराला पर्याय म्हणून नव्हे, जोड म्हणूनच त्याचा विचार करणे शहाणपणाचे आहे.

ग्रामपंचायतीला आपल्या पातळीवर एक काम खर्चाशिवाय करता येण्याजोगे आहे: गावातल्या काम सुटलेल्या माणसांची यादी ठेवणे. नाव, कोणते काम येते, विमा क्रमांक आहे की नाही, हमीच्या कामाची मागणी केली का, कर्जाचा हप्ता कधी, एवढे रकाने पुरेत. महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी घेण्याचा प्रघात आहे. १ मेच्या ग्रामसभेत ही यादी झाली तर पावसाळ्याआधीची बांधबंदिस्तीची कामे तिच्यावरून मागता येतात, विम्याचे दावे मुदतीत जातात, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक नावापुढे काय झाले ते वाचून दाखवता येते.